गेलेल्या केसांचें दुःख

दुःखांची प्रतवारी लावण्याची संवय मनुष्याला फार जुनी आहे. धान्याची रास पाहून व्यापारी जसा मूठभर दाणे हातांत घेतो आणि भाव सांगून मोकळा होतो, तसे आपण दुसऱ्याचें दुःख ऐकतांच त्याचा भाव ठरवून मोकळे होतों. पुत्रशोक मोठा, द्रव्यनाश त्याहून लहान, मानहानि कोणाच्या मतें मोठी तर कोणाच्या मतें लहान. या प्रतवारींत केस गळण्याचें दुःख अगदीं तळाशीं पडतें. किंबहुना पुष्कळांच्या हिशेबीं तें दुःख या सदरांत येतच नाहीं. कर्करोगावरील औषधांनीं जिचे केस गेले, तिला घरचीं व बाहेरचीं माणसें एकच वाक्य ऐकवितात : 'जीव वाचतो आहे ना, मग केसांचें काय घेऊन बसलीस?' हें बोलणारा बहुधा प्रेमानेंच बोलतो, आणि त्याचा हिशेबहि वरवर पाहतां बिनचूक असतो. तरीहि ऐकणारीचें समाधान होत नाहीं. ती फक्त बोलेनाशी होते. हिशेब बरोबर असून समाधान कां होऊं नये, हा प्रश्न नीतिविचाराच्या कक्षेंतला आहे, आणि त्याचाच येथें थोडा ऊहापोह करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिति समजून घेतली पाहिजे. ज्याला केमोथेरपी म्हणतात त्या उपचाराचा जन्म युद्धाच्या कोठारांत झाला. १९४२ मध्यें येल विद्यापीठांतील लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन या औषधशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून, विषारी मस्टर्ड वायूच्या कुळांतील नायट्रोजन मस्टर्ड हें द्रव्य लसिकाग्रंथींच्या कर्करोगानें पिडलेल्या एका रुग्णाला देण्यांत आलें, आणि त्याच्या गांठी कांहीं काळ विरघळल्या. युद्धकालीन गुप्ततेमुळें ही हकीकत १९४६ पर्यंत प्रसिद्ध झाली नाहीं. १९४८ मध्यें बोस्टन येथील सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांत अमिनोप्टेरिन या औषधानें रोग तात्पुरता हटल्याचें जाहीर केलें. पुढें इटलीच्या मातींतल्या एका सूक्ष्मजीवाच्या कुळांतून डॉक्सोरुबिसिन हें लालभडक औषध निघालें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नांवाच्या वृक्षाची साल १९६२ मध्यें गोळा करण्यांत आली, तिच्यांतून पॅक्लिटॅक्सेल मिळालें, आणि त्याची रचना मनरो वॉल व मनसुख वाणी यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९७१ मध्यें प्रसिद्ध केली. यांपैकीं वाणी हे मूळचे आपल्या खानदेशांतले, नंदुरबारचे, आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. आज आपल्या इस्पितळांतून ज्या असंख्य स्त्रियांना हें औषध दिलें जातें, त्यांच्या आयुष्याचा एक धागा असा नंदुरबारपर्यंत जाऊन पोंचतो.

हीं औषधें निरनिराळ्या मार्गांनीं काम करीत असलीं, तरी त्यांचा एक स्वभाव समान आहे. त्यांना रोग ओळखतां येत नाहीं. त्यांना वेग ओळखतां येतो. जी पेशी झपाट्यानें दुभंगते तिच्यावर तीं घाला घालतात. कर्करोगाची पेशी झपाट्यानें दुभंगते हें खरें, परंतु आंतड्याच्या अस्तराची, अस्थिमज्जेची आणि केसाच्या मुळाचीहि पेशी तितक्याच उत्साहानें दुभंगत असते. मनुष्याच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. त्यांपैकीं शेंकडा ८५ ते ९० केस कोणत्याहि क्षणीं वाढीच्या अवस्थेंत असून महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. ही वाढ ज्या पेशींच्या जोरावर चालते त्यांच्यावर आघात होतांच केसाचा दांडा मुळाशीं बारीक होतो आणि तुटतो. म्हणून पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांनीं उशीवर, कंगव्यांत आणि न्हाणीघराच्या मोरीवर केसांचे पुंजके दिसूं लागतात. कित्येकांच्या भिवया आणि पापण्याहि जातात. मुळाच्या बाजूला असलेल्या मूलपेशी मंदगति असल्यामुळें बहुधा वाचतात, आणि म्हणूनच औषध थांबल्यावर कांहीं महिन्यांत केस पुन्हां उगवतात. सर्वच औषधें इतकीं कठोर नसतात. डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, पॅक्लिटॅक्सेल हीं केस घालवितात, तर मेथोट्रेक्सेट किंवा फ्लुओरोयुरॅसिल यांनीं पुष्कळदां ते केवळ विरळ होतात. उलट डोसिटॅक्सेलसारख्या औषधानंतर थोड्या रुग्णांत ते पूर्वीसारखे परत येतच नाहींत.

या वस्तुस्थितींतून एक गोष्ट उघड होते. केस जाणें हें कोणत्याहि पापाचें फळ नाहीं, रोग वाढल्याची खूण नाहीं, आणि औषध लागू पडल्याचा पुरावाहि नाहीं. निर्बुद्ध अशा रासायनिक द्रव्याचा तो निर्विकार व्यवहार आहे. असें असूनहि त्याचें दुःख इतकें तीव्र कां, हें आतां पाहूं.

या दुःखाला क्षुल्लक ठरविणारे दोन पक्ष आहेत. पहिला वैराग्याचा. तो म्हणतो, केस म्हणजे मृत पदार्थ, शरीराचा मळच; शरीर सुद्धां जेथें आपलें नव्हे, तेथें केसांचा अभिमान कसला? बौद्ध भिक्षु मुंडन करतो, जैन मुनि आपल्या हातानें केशलोच करतो, संन्यासी शिखा उतरवितो, तिरुपतीला लाखो भाविक स्त्रीपुरुष आनंदानें केस वाहतात. या सर्वांनीं जें हंसतमुखानें केलें, त्यासाठीं एखादीनें रडावें कां?

या युक्तिवादांतील दोष शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. भिक्षूनें केस टाकले. रुग्णाचे केस गेले. टाकणें आणि जाणें यांत दान आणि चोरी यांच्याइतकें अंतर आहे. दान देणाऱ्याच्या हातून जी रक्कम जाते तीच रक्कम चोरालाहि मिळते, म्हणून दोघांच्या घरीं सारखाच आनंद असावा असें कोणी म्हणत नाहीं. त्यागाला त्याग करणारा लागतो. शिवाय तिरुपतीला केस वाहण्यांत अर्थ आहे तो केसांना मोल आहे म्हणूनच. बिनमोलाची वस्तु देवाला कोण वाहील? वैराग्याचा पक्ष अशा रीतीनें स्वतःविरुद्धच साक्ष देतो.

याहूनहि स्पष्ट साक्ष आपल्याच इतिहासांत आहे. महाराष्ट्रांतील वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींनीं विधवेच्या केशवपनाची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालविली. १८८८ मध्यें सुरू झालेल्या 'सुधारका'तून आगरकरांनीं तिच्यावर कोरडे ओढले. १८९० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईंतील नाभिकांनीं सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाहीं असें ठरविलें. आणि हरिभाऊ आपट्यांच्या यमूच्या वाट्याला आलेलें केशवपन वाचून मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या कळवळल्या. आतां विचार करावा कीं, केस जर इतके क्षुल्लक, तर एका असहाय स्त्रीला समाजाच्या दृष्टीनें मृतप्राय करण्यासाठीं रूढीनें नेमके तेच कां निवडले? जुलूम करणारा कधीं निरुपयोगी वस्तु हिरावून घेत नाहीं. स्त्रीच्या केसांत तिचें रूप, तिचा मान, तिचें माणसांत वावरणें गुंतलेलें असतें, हें त्या क्रूर चालीला आजच्या सांत्वन करणाऱ्यांपेक्षां अधिक चांगलें ठाऊक होतें.

ही गोष्ट मला पुस्तकांतूनच कळली असें नाहीं. माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांत, आमच्या घरीं वडिलांची एक बालविधवा आत्या होती. आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढून ती मागील पडवींत बसलेली असे, आणि महिना-दीड महिन्यानें येणाऱ्या न्हाव्याची वेळ झाली कीं आम्हां मुलांना तेथून घालवून देण्यांत येई. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बहिणीवर कर्करोगाचे उपचार झाले. रोगाचें नांव ऐकतांना ती स्थिर होती. शस्त्रक्रियेच्या दिवशींहि तिनेंच आम्हांला धीर दिला. पण तिसऱ्या आठवड्यांत तिचे केस गेले आणि ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाहीं. 'जीव वाचतोय ना' हें वाक्य एका वडीलधाऱ्या नातेवाइकानें दाराआडून ऐकविलें. तिसऱ्या दिवशीं मीं चहा घेऊन गेलों तेव्हां ती म्हणाली, "आरशांत मला मी दिसलें नाहीं रे; आत्याआजी दिसली." तिच्या कपाळीं कुंकू होतें, यजमान बाहेरच्या खोलींत बसले होते. तरीहि शंभर वर्षांपूर्वींचा एक वस्तरा त्या औषधाच्या नळींतून तिच्यापर्यंत येऊन पोंचला होता. औषधाला इतिहास नसतो. पण ज्या डोक्यावरचे केस तें घालवितें, त्या डोक्याला असतो.

आतां दुसरा पक्ष. तो व्यवहाराचा आहे आणि अधिक बलवान् आहे. तो म्हणतो, केसांना मोल आहे हें मान्य; परंतु जिवाचें मोल अधिक, आणि अधिकासाठीं कमी दिलें तर तक्रार कसली? याला उत्तर असें कीं, किंमत योग्य असली म्हणजे ती किंमतच राहत नाहीं, असें होत नाहीं. पोराच्या दुखण्यासाठीं एखादा शेतकरी आपला बैल विकतो. त्यानें बरोबर केलें याविषयीं कोणाचेंहि दुमत नसतें, त्याचें स्वतःचेंहि नसतें. पोरगा बरा होऊन अंगणांत खेळूं लागतो. तरी संध्याकाळीं रिकाम्या गोठ्यापाशीं तो शेतकरी क्षणभर उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले, तर 'पोरगा वांचला ना?' असें त्याला विचारणारा मनुष्य शहाणा म्हणावा काय? त्या अश्रूंत निर्णयाचा पश्चात्ताप नाहीं आणि पोराविषयींची कृतघ्नताहि नाहीं. एका खऱ्या वस्तूच्या जाण्याला दिलेली ती मान्यता आहे.

येथें दोन क्रियांची गल्लत होते असें मला वाटतें. निर्णय करणें ही एक क्रिया, सांत्वन करणें ही दुसरी. निर्णयाच्या वेळीं तुलना अपरिहार्य असते. एका पारड्यांत जीव आणि दुसऱ्यांत केस घातल्यावर कोणतें पारडें जड हें पाहिलेंच पाहिजे, आणि तें स्पष्ट सांगणें हें वैद्याचें कर्तव्यच आहे. परंतु निर्णय झाल्यावर तराजू खुंटीला टांगून ठेवावा. दुःखी मनुष्यासमोर तो पुन्हां काढणें म्हणजे, त्यानें शांतपणें मान्य केलेल्या हिशेबाची त्यालाच पुन्हां घोकंपट्टी करावयास लावणें होय. मोठ्या दुःखानें लहान दुःख नाहींसें होतें ही समजूत चुकीची आहे. मोठ्या दुःखाशीं झुंजतांना मनुष्याचें सारें बळ खर्चीं पडलेलें असतें, आणि लहान दुःख येतें तेव्हां त्याच्यासाठीं कांहीं शिल्लक उरलेलें नसतें. रोगाचें निदान ऐकतांना न रडलेली स्त्री कंगव्याकडे पाहून रडते, यांत विसंगति नाहीं.

शिवाय केसांबरोबर आणखीहि कांहीं जातें, तें या हिशेबांत कोणी धरीतच नाहीं. रोग शरीराच्या आंत असतो. तो कोणाला सांगावा, कोणाला सांगूं नये, केव्हां सांगावा, हें ठरविण्याचा अधिकार रुग्णाचा असतो. डोक्यावरचे केस आणि भिवया गेल्या कीं हा अधिकार संपला. बसमधला अनोळखी मनुष्य, भाजीवाली, शाळेच्या दाराशीं उभ्या असलेल्या इतर मुलांच्या आया यांना न सांगतां सारें कळतें, आणि त्यांच्या नजरेंत दयेची ती परिचित छटा येते. रुग्ण आतां कोणाची शेजारीण, शिक्षिका किंवा गिऱ्हाईक राहत नाहीं. ती फक्त रुग्ण होते. आपल्या दुःखाची दवंडी आपल्या संमतीवांचून पिटली जावी, ही हानि कोणत्याहि अर्थानें सौंदर्याची नव्हे. ती स्वातंत्र्याची आहे. म्हणूनच जे याला स्त्रियांची नटवेगिरी म्हणून हंसतात, त्यांनीं पुरुष रुग्णांकडेहि पाहावें. पुरुषाचें टक्कल समाजाला नवें नाहीं. पण आपल्याकडे वडील वारल्यावर मुलगा क्षौर करतो, त्यामुळें अचानक मुंडन झालेल्या तरुणाला 'घरीं कोण गेलें?' असें कोणीहि विचारतो. जिवंतपणीं स्वतःच्याच सुतकांत असल्यासारखें दिसणें त्यालाहि सोसत नाहीं. फक्त तें बोलून दाखविण्याची त्याला मुभा नसते.

या दुःखाला हंसण्यांत एक प्रत्यक्ष धोकाहि आहे. केस जाण्याच्या भीतीनें उपचार नाकारण्याचा विचार करणाऱ्या स्त्रिया असतात, हें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहे. ज्या भीतीला लोक हंसतात ती भीति कोणी उघड बोलत नाहीं. ती 'बघूं पुढच्या महिन्यांत' या शब्दांआड लपते, आणि तो पुढचा महिना रोगाच्या पदरांत पडतो. जी भीति मोकळेपणानें बोलतां येते तिच्यावर उपाय करतां येतो. म्हणून केसांचा शोक मान्य करणें हें जीव वाचविण्याच्या कामाच्या आड येत नाहीं, तें त्याच कामाचा भाग आहे. त्याच न्यायानें खोटा दिलासाहि वर्ज्य मानला पाहिजे. 'केस नक्की परत येतील, आणि पहिल्यापेक्षां दाट' असें छातीठोकपणें सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. बहुतेकांचे परत येतात, पण कित्येकांचे पोत बदलून, कुरळे किंवा पांढरे होऊन येतात, आणि थोड्यांचे पुरते येतच नाहींत. जें बहुधा खरें आहे तें 'बहुधा' या शब्दासह सांगावें.

आतां उपायांकडे वळूं, कारण तेथें प्रश्न अधिक अवघड होतो. औषध देण्याच्या थोडें आधीं, देतांना आणि नंतर कांहीं वेळ डोक्याची त्वचा थंड ठेवली, तर तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, केसांच्या मुळांकडे औषध कमी पोंचतें आणि तेथील पेशींचा व्यवहारहि मंदावतो. ही कल्पना १९७० नंतरच्या दशकापासून आहे. डिसेंबर २०१५ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनें अशा एका यंत्राला मान्यता दिली, आणि २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या निम्म्या किंवा त्याहून अधिक स्त्रियांचे केस बऱ्याच अंशीं टिकल्याचें दिसलें. रक्ताच्या कर्करोगांत मात्र हा उपाय वापरीत नाहींत, आणि सर्व औषधांपुढें तो सारखा टिकत नाहीं. ज्या देशांत मूळ औषधासाठींच अनेकांना दागिने मोडावे लागतात, गांवाहून येऊन परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मुक्काम करावा लागतो, तेथें केसांसाठीं यंत्र मागणें शोभतें काय?

या प्रश्नाला सोपें उत्तर नाहीं. सार्वजनिक पैसा थोडा असेल, तर तो आधीं औषधावर खर्च व्हावा हेंच न्याय्य. येथें आपण निर्णयाच्या क्षेत्रांत आहोंत आणि येथें तराजू हवाच. परंतु या न्याय्य क्रमांतून एक अन्याय्य अनुमान हळूच निघतें, त्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. 'गरिबाला केसांचें दुःख परवडत नाहीं' येथून आरंभ होतो आणि 'गरिबाला तें होतच नाहीं' येथें शेवट होतो. सोलापूरच्या खेड्यांतून आलेल्या मजूर बाईलाहि आरसा असतो, शेजार असतो, लेकीचें लग्न असतें. आपण तिला यंत्र देऊं शकत नसलों, तर 'देतां येत नाहीं' असें म्हणावें. 'तुला त्याची गरज नाहीं' असें म्हणूं नये. पहिल्या वाक्यांत दारिद्र्याची कबुली आहे, दुसऱ्यांत माणुसकीचा तोटा आहे. आणि जें देण्यास पैसा लागत नाहीं, म्हणजे आधींच दिलेली पूर्वसूचना, केस गळूं लागण्यापूर्वीं ते आपल्या इच्छेनें कापून घेण्याची संधि, डोक्याला गुंडाळावयास एक मऊ सुती फडकें, आणि रडणाऱ्याजवळ न बोलतां बसणारें एखादें माणूस, तें कोणत्याहि इस्पितळाला आणि कोणत्याहि घराला देतां येण्यासारखें आहे. यांपैकीं दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. जे केस जाणारच आहेत ते आपण होऊन उतरविले, तर जाण्याचें टाकण्यांत रूपांतर होतें. वैराग्याच्या पक्षांत जें सत्य होतें तें येथें उपयोगी पडतें; मात्र तें रुग्णानें स्वतः उचलावें, दुसऱ्यानें त्याच्या हातीं कोंबूं नये.

मनुष्याचा जीव वाचवावयाचा म्हणजे काय वाचवावयाचें, असा प्रश्न शेवटीं उरतो. नाडी आणि श्वास एवढेंच वाचवावयाचें असतें, तर केस, आवाज, चाल, आवडतें लुगडें, आरशांतील ओळख या सर्वांचा हिशेब सोडून देतां आला असता. पण जिला वाचवावयाचें ती स्त्री या सर्वांनीं मिळून झालेली असते, आणि नाडी वाचवावयाची तीहि तिच्यासाठींच. म्हणून औषधानें घेतलेल्या किंमतींतील लहानांत लहान रकमेची देखील नोंद झाली पाहिजे. ती रक्कम परत मिळेलच अशा आशेनें नव्हे, तर ती दिली गेली एवढ्यासाठीं. आजारी माणूस आपल्या गेलेल्या केसांसाठीं रडत असेल, तर त्याला रडूं द्यावें. ज्याला अजून गमावण्यासारखें कांहीं आहे, असा तो जगण्याच्या बाजूचा मनुष्य आहे.